तळ्यातील जिताडा : कधी सोडावा, कधी काढावा

रायगड जिल्ह्याच्या पेण, अलिबाग आणि रोहा या तालुक्यांत घरी मानाचा पाहुणा येणार असला की जिताड्याची चौकशी सुरू होते. बाजारात तो रोज मिळेलच असे नाही. म्हणून खारपट्ट्यातील जाणता शेतकरी पावसाळ्यात खाडीतले चार-दोनशे पिल्लू आणून घरामागच्या तळ्यात सोडतो आणि लागेल तसा काढतो. ही पद्धत जुनी आहे, मात्र बहुतेक ठिकाणी ती आजही 'सोडले आणि विसरले' अशीच चालते. दोनशे पिल्ले सोडून वर्षाअखेर वीस मासे हाती लागले, तर उरलेले चोरीला गेले असे धरले जाते. प्रत्यक्षात चोर बहुधा तळ्यातच असतो. तो कसा, हे पुढे येईलच.

पनवेल-रोहा लोहमार्गावर नागोठण्याच्या पुढे निडी लागते. येथून समुद्र दिसत नाही. पण एका अंगाला अंबा नदीची धरमतर खाडी आणि दुसऱ्या अंगाला कुंडलिकेची रेवदंडा खाडी अशा दोन खाड्यांच्या मधला हा मुलूख आहे. नागोठण्यापर्यंत पूर्वी भरतीवर गलबते येत असत. अशा गावांतील गोड्या पाण्याच्या तळ्यांत जिताडा पाळता येईल काय, असे शेतकरी विचारतात. उत्तर होय असे आहे. मात्र या माशाचे ऋतुमान समजून घेतल्याशिवाय त्यात हात घालू नये.

जिताड्याचा स्वभाव

जिताड्याचे शास्त्रीय नाव लेट्स कॅल्कॅरिफर. गोव्यात त्याला चोणक म्हणतात, ऑस्ट्रेलियात बारामुंडी. इंग्रजीत त्याला आशियाई सी-बास असे नाव असल्याने काही वाचक त्याची गाठ अमेरिकेतील मोठ्या तोंडाच्या बास माशाशी घालतात. फ्लोरिडा, टेक्सास अशा उष्ण भागांतील तलावांवर तो मासा गळाला लावण्यासाठी हजारो लोक जातात. दोघांची शिकारीची तऱ्हा सारखी आहे. आडोशाला दबा धरून बसायचे आणि भक्ष्य टप्प्यात आले की तोंड उघडून ते पाण्यासकट आत ओढायचे. पण दोघांचे कूळ निराळे, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक प्रजननात आहे. अमेरिकन बास वसंत ऋतूत तलावातच काठाशी उथळ पाण्यात घरटे करतो आणि नर अंड्यांची राखण करतो. एकदा सोडला की त्याची वीण तलावात होत राहते. जिताडा तळ्यात कधीच वीत नाही. तो गोड्या पाण्यात वाढेल, निमखाऱ्या पाण्यात वाढेल, पण अंडी घालण्यासाठी त्याला खाडीच्या मुखाशी खारे पाणीच लागते. त्यामुळे तळ्यात जितकी पिल्ले सोडाल त्याहून एकही मासा अधिक मिळणार नाही.

दुसरी गोष्ट अनेकांना नवलाची वाटते. जिताडा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि पुढे त्याची मादी होते. दीड-दोन किलोचे मासे बहुतांशी नर असतात. चार ते सहा किलोच्या पुढचे बहुतांशी माद्या. पावसाळ्यात अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला हे मासे खाडीमुखाशी जमतात आणि एक मोठी मादी लाखोंच्या संख्येने अंडी सोडते. म्हणजे जून ते ऑगस्ट या काळात खाडीच्या तोंडाशी पकडलेला आठ-दहा किलोचा जिताडा हा आपल्याच तळ्याच्या बियाण्याचा कोठार असतो. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात म्हणूनच ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठी बारामुंडी धरण्यास मनाई आहे, आणि पूर्व किनाऱ्यावर विणीच्या हंगामात ती धरणे बंद असते. आपल्याकडे पावसाळी बंदीच्या काळात यांत्रिक नौका समुद्रात जात नाहीत, पण खाडीतील गळ आणि जाळी चालूच राहतात. पाळीव जिताड्यावर ज्यांचा चरितार्थ आहे, त्यांनी तरी या दिवसांत मोठ्या मादीच्या मागे लागू नये.

पावसाळा : बियाणे ओळखणे आणि आणणे

जूनअखेरपासून सप्टेंबरपर्यंत उधाणाच्या पाण्याबरोबर पिल्ले खाडीच्या फाट्यांत, कांदळवनातील डबक्यांत आणि उघाडीच्या तोंडाशी येतात. एक ते अडीच सेंटिमीटरचे पिल्लू तपकिरी-काळपट, ठिपकेदार असते आणि कपाळापासून पाठीपर्यंत पांढरे पट्टे दिसतात. हे पट्टे पुढे नाहीसे होतात. झोळण्यात आलेल्या सगळ्याच पिल्लांना जिताडा समजू नये. पांढऱ्या परातीत पाणी घेऊन त्यात पाहिले म्हणजे ओळख सोपी जाते. बाकीची पिल्ले तेथल्या तेथे पाण्यात सोडून द्यावीत. काठावर टाकलेली बोयटांची आणि कोळंबीची पिल्ले हेच उद्याचे जिताड्याचे खाद्य आहे.

अलीकडे पिल्ले पूर्वीसारखी मिळत नाहीत, अशी तक्रार सर्वत्र आहे. कांदळवनाची तोड, फाट्यांवर पडलेले भराव आणि नद्यांतून येणारे सांडपाणी ही कारणे उघड आहेत. कांदळवन तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आधी अंतरिम आणि २०१८ मध्ये अंतिम आदेशाने मनाई केलेली आहे. खाडीकाठच्या ज्या शेतकऱ्याला कांदळ म्हणजे निव्वळ अडचण वाटते, त्याने जिताड्याचे पिल्लू पहिले काही आठवडे राहते कोठे, हे एकदा भरतीच्या वेळी जाऊन पाहावे.

खाडीतले बियाणे कमी पडते तेव्हा बीजोत्पादन केंद्राचे बियाणे घेणे हा मार्ग आहे. थायलंडमध्ये सोंगखला येथे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जिताड्याचे कृत्रिम प्रजनन साध्य झाले. भारतात चेन्नई येथील केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ मध्ये बंदिस्त माशांपासून बीज तयार केले. केंद्रातून घेताना सर्व पिल्ले एका आकाराची मागावीत आणि त्यांना कोणत्या खाऱ्या पाण्यात ठेवले होते ते लेखी विचारून घ्यावे.

याला कारण आहे. पिल्लू गोड्या पाण्यात जगते, पण खाऱ्यातून एकदम गोड्यात टाकले तर दचकते आणि दोन दिवसांत मरू लागते. निडीसारख्या गावी नेताना टाकीत आधी खाडीचे पाणी ठेवावे. त्यातले एक चतुर्थांश पाणी काढून तेवढेच तळ्याचे पाणी घालावे. असे सकाळ-संध्याकाळ करीत दोन-तीन दिवसांत पूर्ण गोड्या पाण्यावर आणावे. पिल्ले नेहमी सांजवेळी सोडावीत. भर दुपारी तापलेल्या पाण्यात कधीही सोडू नयेत.

तळ्यातील चोर

जिताड्याचे पिल्लू आपल्याच भावंडाला खाते. स्वतःच्या लांबीच्या निम्म्याहून अधिक, सुमारे दोन तृतीयांशापर्यंत लांबीचे पिल्लू तो गिळू शकतो. आज एका आकाराची असलेली पिल्ले आठ दिवसांत पुढे-मागे होतात. पुढे गेलेले मागच्याला खाते आणि त्यामुळे आणखी पुढे जाते. पहिले दोन महिने हा प्रकार जोरात असतो. दोनशेचे वीस होतात ते येथे. हे वीस मासे मात्र चांगले पोसलेले असतात, आणि त्यामुळेच मालकाला संशय येत नाही.

यावर उपाय एकच, पिल्ले थेट तळ्यात न सोडणे. मच्छरदाणीच्या जाळीचा हापा तळ्यात चार खुंट्यांना बांधावा. हाप्याची वरची कड पाण्याच्या वर हातभर राहावी, कारण पिल्लू उडी मारते. दर चौरस मीटरला २० ते ५० पिल्ले ठेवावीत. सुरुवातीला जवळा किंवा बारीक कोळंबी ठेचून, धुऊन, दिवसातून चार-पाच वेळा थोडी थोडी द्यावी. दर आठवड्याला हापा उचलून पिल्ले आकाराप्रमाणे वेगळी करावीत: मोठी एका हाप्यात, मध्यम दुसऱ्यात, लहान तिसऱ्यात. उपाशी पिल्ले अधिक खाखा करतात, म्हणून खाद्याची वेळ चुकवू नये. तीस ते पंचेचाळीस दिवसांत पिल्लू बोटाएवढे, म्हणजे आठ-दहा सेंटिमीटरचे झाले की मोकळ्या तळ्यात सोडावे. हे काम कंटाळवाणे आहे खरे. घरातील बायामाणसे आणि शाळकरी मुले ते अधिक नेटके करतात, असे आमच्या पाहण्यात आहे.

तळे कसे असावे

निदान दीड मीटर पाणी मे महिन्यापर्यंत टिकणारे तळे निवडावे. जेथे मार्चमध्ये तळ दिसतो तेथे जिताड्याऐवजी पावसाळ्यापुरती कोळंबी किंवा दुसरे काही पाहावे. डोलवहाल बंधाऱ्याच्या कालव्याचे पाणी ज्यांच्या शेतापर्यंत उन्हाळ्यात खरोखर पोहोचते, त्यांना ही चिंता कमी.

उन्हाळ्यात तळे आटवून तळ भेगाळेपर्यंत वाळवावा. गोड्या जमिनीत गुंठ्याला दोन ते पाच किलो कळीचा चुना पुरतो. पण खारजमिनीत, विशेषतः जुन्या खाजणात खोदलेल्या तळ्यात, एक धोका आहे. तेथील काळ्या चिखलात गंधकाची संयुगे असतात. तो चिखल बांधावर टाकून वाळला आणि त्याला हवा लागली की आम्ल तयार होते. पहिल्या पावसात ते आम्ल बांधावरून ओघळून तळ्यात येते आणि एका रात्रीत मासे वर येतात. लोक म्हणतात, पाणी 'लागले'. बांधाच्या आतल्या उतारावर पाऊस सुरू होण्यापूर्वीच चुना पसरावा म्हणजे हा प्रकार टळतो. पाण्याचा सामू साडेसात ते साडेआठ राहिला पाहिजे.

तळ्यात मरळ किंवा शिंगाळा राहिला असेल तर तो काढल्याशिवाय पिल्ले सोडू नयेत. पाणी पूर्ण काढता येत नसेल तेथे मोहाची पेंड वापरतात. एक मीटर खोल पाण्याला गुंठ्यास सुमारे २५ किलो पेंड भिजवून टाकावी आणि तिचा विषार जाण्यासाठी तीन आठवडे थांबावे. कीटकनाशक टाकून मासे मारण्याची जी वाईट चाल पडली आहे, ती पूर्णपणे सोडली पाहिजे. ते विष गाळात बसते आणि पुढे आपल्याच ताटात येते.

रोहू-कटला असलेल्या गावतळ्यात जिताडा सोडणे म्हणजे भांडणाला निमंत्रण. कटल्याची बोटुकली तो फस्त करील आणि ठेकेदार दारात येईल.

किती सोडावे, काय खाऊ घालावे

चारा मासे असलेल्या तळ्यात गुंठ्याला ३० ते ५० बोटुकली पुरेत. त्याआधी महिना-दोन महिने तळ्यात चाऱ्याची तजवीज झालेली असावी. परदेशात यासाठी तिलापिया सोडतात. आपल्याकडे चिलापी बहुतेक तळ्यांत आधीच शिरलेली असते. तेथे जिताडा तिला आवरतो आणि स्वतः वाढतो. पण जेथे ती नाही तेथे मुद्दाम आणून सोडू नये, एकदा शिरली की निघत नाही. खारतळ्यात उघाडीतून भरतीबरोबर येणारी बोयटे आणि कोळंबी हा सर्वांत स्वस्त चारा. उघाडीच्या तोंडाला बारीक जाळी लावावी म्हणजे लहान पिल्लू आत येते आणि मोठा शिकारी मासा बाहेर राहतो.

चारा कमी पडला तर ओला मासा तुकडे करून घालावा लागतो. सुरुवातीला माशांच्या एकूण वजनाच्या दहा टक्के, दोन महिन्यांनंतर पाच टक्के. येथे हिशेब करूनच पुढे जावे. एक किलो जिताडा वाढण्यास चार ते आठ किलो ओला मासा लागतो. समजा, पाच गुंठ्यांच्या तळ्यात १५० बोटुकली सोडली, त्यांतील ९० जगली आणि प्रत्येकी एक किलोची झाली. ९० किलो माशासाठी ३६० ते ७२० किलो खाद्य लागेल. तेव्हा खाद्याचा किलोचा भाव जिताड्याच्या भावाच्या आठव्या हिश्श्याहून कमी असेल तर निश्चिंत राहावे. चौथ्या हिश्श्याच्या वर गेला तर धंदा बुडालाच म्हणून समजा. बोंबील-जवळ्याच्या हंगामात टाकाऊ माल स्वस्त मिळतो आणि पावसाळी बंदीत तो मिळतच नाही, हेही ध्यानात घ्यावे.

चांगल्या निगराणीत सहा महिन्यांत अर्ध्या किलोच्या आसपास आणि दोन वर्षांत दोन-तीन किलोपर्यंत वाढ अपेक्षित आहे. तळ्यातील चाऱ्यावरच सोडलेला मासा मागे राहतो.

ऋतूप्रमाणे गळ आणि जाळे

जिताड्याला २६ ते ३२ अंश सेल्सिअस पाणी मानवते. त्याच्या खाण्या-न खाण्याचे सारे गणित या आकड्यात आहे, आणि गळ टाकणाऱ्यानेही ते लक्षात ठेवावे.

पाऊस ओसरल्यावर, आश्विन-कार्तिकात, पाणी निवळते, ऊब असते आणि चारा भरपूर असतो. या दिवसांत जिताडा सपाटून खातो. पहाटे आणि दिवस मावळताना काठाशी पाण्याचा 'डुब्ब' असा आवाज येतो तो त्याच्या झेपेचा. खारतळ्यात ओहोटी लागून उघाडीतून पाणी वाहू लागले की तो तोंडाशी येऊन बसतो, कारण लहान मासे तेथूनच जातात. गळाला जिवंत कोळंबी किंवा बोटभर बोयट पाठीकडून टोचून प्रवाहाबरोबर सोडावे. उधाणाच्या दिवसांत पाण्याला ओढ असते आणि मासा लागतो. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत पाणी स्वस्थ असते आणि बहुधा हात हलवीत परत यावे लागते.

पौष-माघात थंडी पडली की उथळ तळ्याचे पाणी रात्रीत गार होते. वीस अंशांच्या खाली मासा जवळजवळ खाणे सोडतो. या दिवसांत सकाळी टाकलेले खाद्य तळाशी जाऊन कुजते. म्हणून खाद्य निम्म्यावर आणावे आणि ऊन चढल्यावर, अकरा ते तीनच्या दरम्यान द्यावे. गळही तेव्हाच, खोल बाजूला, सावकाश टाकावा.

फाल्गुनापासून भूक परत येते. होळी आणि पुढची लग्नसराई यांत भावही चांगला मिळतो. एक किलोच्या वरचे मासे काढून घेण्यास हा काळ उत्तम आहे. पाणी कमी होत चालले की उरलेल्या माशांना जागा आणि प्राणवायू पुरतो, हाही फायदा. सगळेच मासे ठेवून जूनची वाट पाहणाऱ्याचे नुकसान बहुधा वैशाखात होते. पाणी आटते, तापते, हिरवे होते. रात्री शेवाळ प्राणवायू ओढून घेते आणि पहाटे मासे तोंड वर काढून पाण्याची वरची थर चोखू लागतात. पाण्यात दर लिटरला चार मिलिग्रॅमपेक्षा कमी प्राणवायू उरला की मासा अडचणीत येतो. अशा पहाटे खाद्य पूर्ण बंद करावे, पंपाने तळ्याचेच पाणी उंचावरून तळ्यात पाडावे आणि शक्य तर ताजे पाणी घ्यावे. मळभाचे, वारा पडलेले वळवाचे दिवस सर्वांत घातक.

आषाढ-श्रावणात उधाण आणि पाऊस एकत्र आले म्हणजे बाहेरकाठ्याला खांड पडण्याची भीती. एक खांड वर्षाची मेहनत खाडीत नेते. बांधाची डागडुजी मे महिन्यातच संपवावी आणि सखल बाजूला हातभर उंचीची जाळी उभी करावी. जे मासे विकण्याजोगे झाले आहेत ते मृगापूर्वी काढावेत किंवा काही राखून पावसाळी बंदीत विकावेत. त्या दोन महिन्यांत ताज्या माशाला गिऱ्हाईक घरी येते. काही राखायचे की सगळे काढायचे, हे आपल्या बांधाच्या भक्कमपणावर ठरवावे, भावावर नव्हे.

काढताना

जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते. गळाची दोरी बारीक असेल तर ती कापून जातो, आणि कल्ल्यात बोट घालणाऱ्याचा हातही कापतो. गळाजवळची वीतभर दोरी जाड नायलॉनची घ्यावी. मासा खालच्या जबड्याला ओल्या फडक्याने धरावा. गळाला लागलेला अर्ध्या किलोच्या आतला मासा ओल्या हातानेच सोडवून परत पाण्यात सोडावा, त्याची खरी वाढ पुढेच आहे.

दोन-चार मासे हवे असतील तर गळ किंवा पाग पुरतो. विक्रीसाठी काढायचे तर तळ्याच्या रुंदीचे ओढप जाळे पहाटे फिरवावे आणि आदल्या दिवशी खाद्य देऊ नये, म्हणजे पोट रिकामे राहून मासा अधिक टिकतो. तळ्यातल्या माशाला कधी कधी चिखलाचा वास मारतो. असे मासे विकण्यापूर्वी दोन-तीन दिवस स्वच्छ, वाहत्या किंवा निमखाऱ्या पाण्यात हाप्यात ठेवले तर तो वास बराचसा जातो. काढल्याबरोबर मासा उन्हात पाटीत टाकून न ठेवता ठेचलेल्या बर्फात, माशाइतकाच बर्फ घेऊन थरावर थर रचावा. पेणच्या किंवा रोह्याच्या बाजारात गिऱ्हाईक प्रथम डोळा पाहते, मग कल्ला उचलते. डोळा फुगीर व स्वच्छ आणि कल्ला लालभडक असला तर भावाची घासाघीस फार होत नाही.